शून्यबाईंचं कोरं रक्त

ज्या बाईंच्या एका सहीमुळे मी सत्तावीस दिवस घरी बसले, त्यांच्याबद्दल मी हे लिहिते आहे. सासूबाई म्हणाल्या, "असल्या माणसांना विसरावं, त्यांच्यावर शाई कशाला घालवायची?" पण सासूबाई स्वतः काही विसरल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून फुटलेली काचेची बरणी त्यांना झाकणाच्या रंगासकट आठवते. तेव्हा त्यांचा सल्ला बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

आधी माझं काम सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. मी लहान मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. सोळा वर्षं झाली. मोठ्या माणसाला आधी शिरेत सुई लावतात आणि मग भूल देतात. चार वर्षांच्या पोराला सुई नुसती दाखवली तरी ते थिएटर डोक्यावर घेतं. म्हणून त्याच्या नाकातोंडावर मऊ मास्क धरायचा, त्यातून भुलीचा वायू सोडायचा, आणि ते झोपलं की मग सुई. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात पोर मान हलवतं, मास्क उचकटतं, लाथा झाडतं. अशा वेळी मी खाली वाकते, त्याच्या उशीवर गाल टेकवते आणि कानात गोष्ट सांगते. एका अस्वलाचे बूट हरवतात. ते पलंगाखाली बघतं, कपाटात बघतं, आजीच्या पिशवीत बघतं. पहिला बूट सापडेपर्यंत पोर गाढ झोपलेलं असतं. दुसऱ्या बुटाचं काय झालं हे सोळा वर्षांत एकाही मुलाने ऐकलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही.

गेल्या वर्षी आमच्या थिएटरमध्ये भुलीचं औषध पुरेनासं झालं. हे औषध बाटलीत पाण्यासारखं पातळ असतं. भुलीच्या यंत्रावर एक डबा असतो, त्यात ते ओततात, तिथे त्याची वाफ होते आणि तीच वाफ पुढे मास्कमध्ये जाते. एरवी आठवडाभर जाणारी बाटली चार दिवसांत संपायला लागली. भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी तीनदा लेखी तक्रार केली. अशात एका दुपारी ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसल्याबसल्या माझा डोळा लागला. डोकं जड झालं होतं. भांडारबाई आत आल्या, त्यांनी मला गदागदा हलवलं, आणि मी डोळे उघडून त्यांना विचारलं, "बूट सापडला का?"

झालं! सुतावरून स्वर्ग गाठायला आमच्या रुग्णालयात कोणी मागे नसतं. तिकडे औषध कमी पडतंय आणि इकडे सिस्टर बाकावर बरळतेय. कुणीतरी आठवण काढली की भुलीचं औषध कापडावर घेऊन हुंगायची काहींना सवय लागते म्हणे. अधीक्षकांनी मला बोलावलं आणि रक्त तपासायला द्याल का, असं जरा अवघडून विचारलं. मी तिथल्या तिथे बाही वर केली. "घ्या. हवं तर बाटलीभर घ्या. कर नाही त्याला डर कशाला?"

नळी काठोकाठ भरली. वर हवा राहिली तर वायू रक्तातून निघून त्या हवेत बसतो, म्हणून तसंच भरायचं असतं. बूच लावलं, बर्फात ठेवली आणि ती रस्त्यापलीकडच्या रासायनिक प्रयोगशाळेत गेली. तिथे शून्यबाई होत्या.

हे नाव त्यांना तिथल्याच लोकांनी ठेवलेलं. कोणीही काहीही तपासायला आणलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी शून्य दाखवा." म्हणजे, तुम्ही जे शोधताय ते ज्यात मुळीच नाही असा नमुना आधी यंत्रात घाला. रेघ सपाट आली तर पुढे बोलू, नाहीतर बाटली धुऊन या. नव्या लोकांना वाटे, बाई खवट आहेत. जुन्यांना माहीत होतं की त्या खवटच आहेत, पण त्यांचा आकडा कधी चुकत नाही.

एकोणिसाव्या वर्षी बाई त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागल्या. वडील गेले होते, पाठची दोन भावंडं शाळेत होती. बाटली धुवायची, खिडकीशी नेऊन उजेडात बघायची, पुन्हा धुवायची. काही महिन्यांनी तिथल्या मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की ह्या मुलीच्या पाळीतल्या बाटल्यांमधून येणारे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. त्यांनी तिला संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालायला लावलं. दिवसा बाटल्या, संध्याकाळी वर्ग, असं करत बाई पदवीधर झाल्या, टेबलावर बसल्या आणि सत्ताविसाव्या वर्षापासून अहवालावर सही करायला लागल्या. बाटल्या मात्र शेवटपर्यंत स्वतःच धुतल्या. दुसऱ्याने धुतलेली बाटली त्यांना दुसऱ्याच्या टूथब्रशासारखी वाटे.

लग्न झालं ते बसचालकाशी. हे काका म्हणजे बोलण्याचा धबधबा. आयुष्यभर 'चालकाशी बोलू नये' अशा पाटीखाली बसलेला माणूस, निवृत्त झाल्यावर सगळं साठलेलं बोलतोय, असं बाई म्हणत. घरातलं बोलणं काकांकडे आणि मोजणं बाईंकडे, अशी वाटणी होती. भाजीत मीठ त्या चिमटीने घालत नसत, चमच्याने सपाट करून घालत. सून घरात आली तेव्हा तिने एकदा हौसेने सासूची प्रयोगशाळा बघायला जायचं ठरवलं आणि जाताना नखांना ताजं रंगरोगण करून गेली. नखांच्या रंगाचा वास यंत्राला इतका आवडला की दिवसभराच्या सगळ्या रेघा वेड्यावाकड्या झाल्या. बाईंनी सुनेला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. ती सून आजही सासूच्या घरी जाताना आधी स्वतःचे हात हुंगते.

रक्तातला भुलीचा वायू त्या कसा शोधत, ते मला त्यांनीच नंतर समजावलं. थोडं रक्त एका छोट्या काचेच्या कुपीत घालायचं. कुपी अर्धीच भरायची आणि झाकण घट्ट बसवायचं. मग ती गरम करायची. वायू रक्तात टिकत नाही, तो वर येऊन कुपीतल्या रिकाम्या जागेत जमतो. मग बारीक सुईने ती वरची हवा तेवढी ओढून घ्यायची आणि केसाएवढ्या पोकळीच्या, वेटोळं केलेल्या लांबलचक नळीतून सोडायची. हवेतली एकेक वस्तू आपापल्या वेगाने चालते आणि आपापल्या वेळी दुसऱ्या टोकाला पोचते. पोचली की पडद्यावरच्या रेघेला टेकाड येतं. कोणत्या मिनिटाला आलं त्यावरून ती वस्तू कोण ते कळतं, आणि टेकाडाच्या आकारावरून ती किती ते कळतं. "चार मजली पाण्याच्या टाकीत अर्धा चमचा सांडलेला असला तरी ह्याला समजतं," त्या म्हणाल्या होत्या. हे त्या अभिमानाने म्हणाल्या की भीतीने, ते मला त्या वेळी उमगलं नाही.

ह्या कामालाही शून्य लागतंच. म्हणजे ज्याच्यात तो वायू नाही अशा माणसाचं रक्त. त्याला त्या कोरं रक्त म्हणत. इतर प्रयोगशाळा रक्तपेढीतून आणतात. बाईंना ते पटत नसे. "ते कोणाचं, त्याने काल काय केलं, मला काय ठाऊक? माझं मला ठाऊक आहे." म्हणून बावीस वर्षं त्या स्वतःचंच रक्त वापरत आल्या. तिथल्या कनिष्ठ तंत्रज्ञ बाई त्यांच्या डाव्या हाताचं रक्त काढत, आणि ते यंत्रात सगळ्यांच्या आधी जाई. रक्त कोरं राहावं म्हणून बाई अत्तर लावत नसत, सुगंधी साबण वापरत नसत. घराला रंग दिला तेव्हा आठ दिवस बहिणीकडे जाऊन राहिल्या. काका म्हणाले होते, "बायकोने घर सोडलं असं लोकांना सांगितलं, कारण खरं कारण कोणाला पटलंच नसतं."

तर त्या दिवशी बाईंचं रक्त आधी गेलं, रेघ सपाट आली. मग माझं गेलं. नेमक्या मिनिटाला टेकाड. त्यांनी कुपी बदलून पुन्हा घातलं, पुन्हा टेकाड. तिसऱ्यांदा घातलं. रुग्णालयाने पाठवलेल्या छापील कागदावर दोनच चौकोन होते, आढळला आणि आढळला नाही. बाईंनी पहिल्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, आणि खरी गोम तिथेच होती.

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. स्वतःच्या रक्तानेच माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. अधीक्षकांनी सांगितलं की समिती नेमली आहे. समितीने अहवाल मान्य केला तर नोकरी जाईल आणि परिचारिका म्हणून असलेली नोंदणीही रद्द होईल. म्हणजे इथेच काय, कुठल्याही रुग्णालयात मला पुन्हा उभं राहता येणार नव्हतं. मला दुसरं काही येत नाही हो. मला मुलांना झोपवता येतं.

घरी सासूबाईंनी शेजारणीला दारातच ऐकवलं, "हिला उदबत्तीच्या वासाने शिंका येतात, ही कसला वायू हुंगणार? डोकं फिरलंय त्या डॉक्टरांचं!" सासूबाईंचं आणि माझं कधी पटत नाही, पण त्या दिवशी मी त्यांच्यासाठी दोनदा चहा केला. नवरा भला माणूस आहे. तो म्हणाला, "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे." तीन दिवस तसंच म्हणत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी चहात साखर ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण तू... म्हणजे एकदाही नाही ना?" मी "नाही" म्हटलं. त्याने मान हलवली, आणि साखर विरघळून गेली तरी तो ढवळतच राहिला. ते मला अहवालापेक्षा जास्त लागलं.

समितीची पहिली बैठक झाली. मी एकच गोष्ट लावून धरली, की वायू सापडला असेल, पण मी घेतलेला नाही. समितीतल्या मुख्य परिचारिका जुन्या आणि शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, किती सापडला ते तरी विचारा. म्हणून प्रयोगशाळेला पत्र गेलं, प्रमाण कळवा. पत्र वाचून शून्यबाई कुरकुरल्या म्हणे. 'आढळला' म्हटलं ना, मग?

प्रमाण काढायचं तर आमच्याच यंत्रातलं औषध घेऊन त्याची ठरावीक ताकदीची द्रावणं करायला हवी होती, म्हणजे टेकाड त्यांच्याशी ताडून बघता येतं. औषध शिपायाबरोबर मागवता आलं असतं. पण दुसऱ्याने भरलेली बाटली बाई थोड्याच घेणार! त्या स्वतः सकाळी आठला थिएटरच्या दारात उभ्या राहिल्या. ऑपरेशनं सुरू झाली होती. सर्जन म्हणाले, मधेच यंत्र उघडता येणार नाही, शेवटचं मूल बाहेर जाईपर्यंत थांबा. मग त्यांना टोपी घातली, झगा घातला आणि भुलीच्या यंत्राशेजारी स्टुलावर बसवलं. साडेबारापर्यंत त्या तिथे हलल्या नाहीत. माझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टरने मला हे सांगितलं. मध्ये एकदा त्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांना म्हणाल्या, "इथे गोडसर वास येतोय." डॉक्टर हसले. "बाई, थिएटरला थिएटरचाच वास येणार."

औषध घेऊन त्या परतल्या. नेहमीप्रमाणे कनिष्ठ बाईंनी डाव्या हाताचं रक्त काढलं आणि कुपी यंत्रात घातली. शून्याची रेघ चालू झाली, आणि नेमक्या त्याच मिनिटाला टेकाड आलं.

"मॅडम, यंत्र बिघडलं वाटतं," कनिष्ठ बाई म्हणाल्या.

"रिकामी कुपी घाल."

रिकामी कुपी सपाट आली.

"तुझं रक्त घाल."

त्यांचंही सपाट आलं. मग पुन्हा बाईंचं घातलं. पुन्हा टेकाड.

कनिष्ठ बाई हलकेच म्हणाल्या, "आज माझं रक्त शून्याला घेऊ या ना. हे टाकून देते. काही बिघडत नाही."

आणि खरंच काही बिघडलं नसतं. कोणत्याही प्रयोगशाळेत तेच झालं असतं. खराब शून्य फेकायचं, चांगलं शून्य घ्यायचं, काम पुढे चालू. नियमातही ते बसतं. बाईंनी ती कुपी हातात घेतली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. "टाकू नकोस. ह्यावर माझं नाव लिही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घरी जेवताना त्या काकांना म्हणाल्या, "एका बाईला मी चोर ठरवलं. त्याच मापाने मोजलं तर आज मीपण चोर आहे."

काका मला नंतर सांगत होते, "आयुष्यात पहिल्यांदा मला काय बोलावं सुचेना." मग सुचलं. ते म्हणाले, "सांगून टाक त्यांना."

"एकतीस वर्षांत मी एकही अहवाल मागे घेतलेला नाही."

"अगं, चुकीच्या गल्लीत शिरलो की मी बस मागे घ्यायचो. पन्नास माणसं मागून ओरडायची. पण पोचायची ना घरी!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा स्वतःचं रक्त घातलं. टेकाड बुटकं झालं होतं. तिसऱ्या दिवशी रेघ सपाट. म्हणजे स्टुलावर बसून काढलेली एक सकाळ रक्तातून जायला दोन दिवस लागले होते. त्यांनी त्यांच्या साहेबांना सगळं दाखवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अहो, चार महिने राहिलेत तुमचे. अहवाल खोटा नाहीच आहे. प्रमाण अल्प आहे, एवढं लिहून द्या. समिती काय ते समजून घेईल."

"समिती आकडा वाचणार नाही," बाई म्हणाल्या. "समिती 'आढळला' वाचेल. ते मी लिहिलंय."

समितीच्या दुसऱ्या बैठकीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी मनात एक उंच, नाकावर चष्मा घसरलेली चेटकीण रंगवली होती. आल्या त्या ठेंगण्या, पांढऱ्या वेणीच्या, कापडी बुटांतल्या बाई. डाव्या कोपरावर चिकटपट्टी. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, त्यामुळे मला त्यांचा राग करत राहणं सोपं गेलं.

त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा सिस्टरांच्या रक्ताचा आलेख. हा माझ्या रक्ताचा. सिस्टरांचं टेकाड माझ्या पावणेतीन पट आहे. मी थिएटरमध्ये एक सकाळ बसले होते आणि काही हुंगलं नव्हतं. त्या तिथे रोज असतात. पहिला अहवाल मी मागे घेते."

"पण वायू रक्तात होता ना?" अधीक्षक म्हणाले.

"होता. माझ्याही होता. आता एकतर मला पोलिसांत द्या, नाहीतर त्यांना कामावर घ्या."

बाई पुढे बोलल्या, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "चूक यंत्राची नाही, शून्याची आहे. मी रस्त्यापलीकडे बसणाऱ्या बाईचं रक्त शून्य धरलं. थिएटरमध्ये काम करणाऱ्याचं शून्य थिएटरमधूनच घ्यायला हवं होतं. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही."

मग त्यांनी मागणी केली की थिएटरमधल्या सहाच्या सहा जणांचं रक्त ड्युटीआधी आणि ड्युटीनंतर घ्यावं. सर्जन उसळले. त्यांचं रक्त म्हणजे काय गंमत आहे का? बाईंनी डावा हात पुढे करून कोपरावरची चिकटपट्टी दाखवली. "मी दिलंय. तुम्हीही द्या." ते एवढं साधं म्हणाल्या की सर्जनांना पुढे रागवायला जागाच राहिली नाही.

आठवड्याने बारा आलेख आले. एकही सपाट नव्हता. लांब, पायाशी उभ्या राहणाऱ्या सर्जनांचं टेकाड सगळ्यांत लहान. भूलतज्ज्ञांचं मोठं. आणि सगळ्यांत मोठं माझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टरचं, माझ्यापेक्षाही मोठं, कारण मी जाताना तिला शिकवून गेले होते की उशीवर गाल टेकव आणि कानात बोल. आमच्या थिएटरमध्ये तेवढं वाकून काम करणारं दुसरं कोणी नाही.

यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक आला. औषधाच्या डब्याचं भरायचं तोंड असतं, त्याच्या झाकणाखालचा रबरी वॉशर झिजला होता. बोटाच्या नखाएवढी चीर. औषध तिथून, मुलाच्या उशीशेजारीच, गुपचूप उडून जात होतं. बाटल्या लवकर का संपत होत्या, त्याचंही उत्तर तेच. महिनोन्महिने आम्हा सगळ्यांची डोकी दुखत होती. भूलतज्ज्ञांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता, मी उशी बदलली होती, आणि वास तर आम्हाला येतच नव्हता, कारण रोज तिथे राहून आमची नाकं मेली होती. वॉशर बदलायला मेकॅनिकला सात मिनिटं लागली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी कामावर गेले. अधीक्षकांनी उभं राहून माझी क्षमा मागितली, म्हणाले, "व्यक्तिशः माझा तुमच्यावर कधीच अविश्वास नव्हता." भांडारबाईंनी मला मिठी मारली, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते!" सर्जन म्हणाले, भूलतज्ज्ञ म्हणाले, लिफ्टवाला म्हणाला. संध्याकाळी नवराही म्हणाला, "मला ठाऊकच होतं." इतक्या सगळ्यांचा विश्वास होता, तर मी सत्तावीस दिवस घरी कोणाच्या अविश्वासामुळे बसले होते, ते मला कळेना. मी सगळ्यांना "हो, हो" म्हटलं आणि हसले. आत मात्र काहीतरी आंबट होऊन बसलं होतं.

शून्यबाईंना लेखी ताकीद मिळाली. चुकीचा अहवाल दिल्याबद्दल. ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली आणि चार महिन्यांनी त्या तिच्यासकट निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब भाषणात म्हणाले, सही करू लागल्यापासून एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा. बाई मध्येच उठल्या आणि म्हणाल्या, "तीस." साहेबांना पुढचं भाषण सापडेना. कनिष्ठ बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले, आणि मग मला वाईट वाटलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना साधं भेटायलाही गेले नव्हते.

म्हणून एका रविवारी दुपारी गेले. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीत धुऊन पालथ्या घातलेल्या बरण्या. काकांनी दार उघडलं आणि मी चपला काढेपर्यंत त्यांनी मला ह्या रस्त्यावरून पूर्वी कोणत्या बस जायच्या ते सांगून टाकलं. बाईंनी चहा केला. साखर सपाट चमच्याने. त्या माझ्या कामाचं विचारत होत्या, वॉशर पुन्हा तपासला का, डोकं दुखतं का. माफी मागितली नाही. समितीपुढे मागून झाली, असं त्यांचं मत असावं.

मला राहवलं नाही. "मॅडम, एक विचारू का? त्या दिवशी तुमच्या स्वतःच्या रक्तात दिसलं नसतं, तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता?"

"अहो, हे काय विचारणं झालं!" काका म्हणाले. "ती तर पहिल्यापासून..."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या.

काका थांबले. बाईंनी कप खाली ठेवला. मला बरं वाटेल असं काही त्या शोधत नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या नुसत्या आठवत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसता ठेवला. तुमची नोकरी गेली असती, आणि मला शांत झोप लागली असती."

काका खिडकीकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं. कामावर परतल्यापासून जो भेटेल त्याने मला त्याच्या विश्वासाबद्दल सांगितलं होतं, आणि मला एकाचंही खरं वाटलं नव्हतं. हे एक खरं वाटलं. आत जे आंबट होऊन बसलं होतं ते सुटलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की रडता रडता हसूच आलं.

"ताई," मी म्हणाले. मॅडम म्हणायचं राहूनच गेलं. "ताई, अजून थोडा चहा द्या."